झ्यूस गिटार वाजवत नाही

इलेक्ट्रिक गिटार जन्माला आली ती मोठा आवाज करण्यासाठी. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नाचघरांमधून मोठमोठे बँड वाजत असत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि ड्रम्सच्या गदारोळात गिटारवाला बिचारा हात दुखेपर्यंत वाजवायचा आणि तरी धड ऐकू यायचा नाही. लाकडाच्या पोकळ पेटीत तारेचा आवाज घुमून घुमून किती घुमणार? जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी त्यावर तोड काढली. तारेजवळ चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेटोळ्यात किंचित वीज तयार होते, ती वाढवून स्पीकरला दिली की झालं. फॅरडेनं १८३१ साली शोधलेला नियम शंभर वर्षांनी गिटारच्या कामी आला. १९३२ मध्ये ही गिटार विकायला आली. दिसायला ती लांब दांड्याच्या तव्यासारखी, म्हणून तिचं नावच ‘फ्राइंग पॅन’ पडलं.

पुढे १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन नावाचा २३ वर्षांचा गिटारवादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला. तोवर अशा बँडमध्ये गिटारचं मुख्य काम मागे बसून ठेका धरण्याचं. ख्रिश्चनची गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीनं बोलू लागली. १९४२ मध्ये क्षयानं तो गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. पण गिटार जी पुढे आली ती पुन्हा मागे गेली नाही. रॉकनं तर तिला अख्खं मैदान भरून टाकण्याइतकी मोठी केली.

माझ्याकडची इलेक्ट्रिक गिटार मात्र आमच्या फ्लॅटमधली सगळ्यात शांत वस्तू आहे. मिक्सर, वॉशिंग मशीन, कुकर सगळे तिच्याहून मोठ्यानं बोलतात. तिचं अंग भरीव लाकडाचं, पोटात पोकळी नाही, त्यामुळे नुसती वाजवली तर डब्यावर रबर ताणून छेडल्यासारखी टिणटिण येते. आगपेटीएवढा एक हेडफोन ॲम्प तिच्या जॅकमध्ये खुपसायचा, कानांवर हेडफोन चढवायचे, की मग आतल्या आत काय तो कल्लोळ. पुण्यातल्या फ्लॅटच्या भिंती पातळ, शेजारी लहान बाळ, रूममेटची अमेरिकेच्या वेळेनुसार चालणारी शिफ्ट. ऐकू जाणं हाच जिच्या जन्माचा हेतू, ती गिटार कुणालाही ऐकू जाणार नाही अशा बेतानं मी रोज रात्री पाऊण तास वाजवते.

वय २८. शिकायला लागून सव्वा वर्ष झालं. स्टेजवर जायचं नाही, बँड काढायचा नाही. आणि खरं सांगायचं तर या वयात, नोकरी सांभाळून, उरल्यासुरल्या पाऊण तासात मी कधी फार चांगली वादक होईन असा संभवही नाही.

यावर लोक मला दोन प्रश्न विचारतात. आई विचारते, “अगं, मग ते ऐकतं कोण?” आणि ऑफिसातला मित्र विचारतो, “पण तूच कशाला वाजवायला हवं? इतके भारी लोक वाजवून ठेवून गेलेत, ते ऐक की.” दोन्ही प्रश्न साधे आहेत आणि दोन्हींचं झटपट उत्तर माझ्याकडे नाही. “छंद आहे,” म्हटलं की समोरचा गप्प बसतो, पण ते उत्तर नाही. हे प्रश्न जरा नीट घ्यावेत असं मला वाटतं, कारण माझ्या मते ते फक्त गिटारपुरते नाहीत.

*

आधी नवशिक्याचं वाजवणं म्हणजे नेमकं काय, ते सांगते.

गिटारला सहा तारा. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, सगळ्यात बारीक तार सुमारे ३३० वेळा, म्हणजे बरोबर चौपट. एकेक फ्रेट पुढे गेलं की कंपनसंख्या साधारण ६ टक्क्यांनी वाढते आणि बाराव्या फ्रेटवर दुप्पट होते, कारण तिथे तार नेमकी निम्मी होते. हे गणित मला पहिल्या दिवशी कळलं. बोटांना ते अजून कळलेलं नाही.

बारीक तार पाव मिलिमीटरहूनही बारीक असते. सुरुवातीचे काही आठवडे ती बोटांच्या टोकांत रुतते. मग तिथे घट्टे पडतात, आणि फोनचा फिंगरप्रिंट सेन्सर कधीकधी ओळख दाखवेनासा होतो. पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड म्हणजे तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या आणि उरलेली बोटं तिसरीकडेच न्यायची. सहा तारांपैकी चार वाजतात, एक भुणभुणते, एक मुकी राहते. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावायचा, सलग जमलं की ६५, तिथे कोलमडलं की परत ६०.

आणि एक गोष्ट बाहेरून अजिबात दिसत नाही. इलेक्ट्रिक गिटारमधलं जवळजवळ निम्मं कौशल्य न वाजवण्याचं असतं. पिकअप भेदभाव करत नाही. जी तार हलेल तिची वीज होणार, आणि ॲम्प ती मोठी करणार. त्यामुळे जी तार वाजवायची आहे तिच्याइतकंच लक्ष नको असलेल्या पाच तारांकडे द्यावं लागतं. डाव्या हाताच्या बोटांनी त्यांना हलकेच टेकून राहायचं, उजव्या हाताचा तळवा पुलाजवळ ठेवायचा. डिस्टॉर्शन चालू केलं की हे आणखी ठळक होतं. डिस्टॉर्शन हळू आणि जोरात यांतला फरक पुसून टाकतं, म्हणून हाताचा असमान जोर त्यात झाकला जातो, पण चुकून हललेली तार मात्र सायरनसारखी ओरडते. एक झाकतं, दुसरं चव्हाट्यावर आणतं. नुसतं सा आणि प दाबून वाजवलेला पॉवर कॉर्ड, म्हणजे तंबोऱ्याच्या ओळखीचीच सुरांची जोडी, तोही स्वच्छ वाजायला मला तीन आठवडे लागले.

ॲरिस्टॉटलनं अशाच एका नवशिक्याचं कोडं मांडलेलं आहे. त्याच्या काळचं वाद्य किथारा, तारांचंच. किथारा वाजवायला माणूस शिकतो कसा? वाजवून. पण ज्याला वाजवता येत नाही तो वाजवेल कसा? आणि जर वाजवत असेल, तर त्याला येतंच आहे की, मग शिकतोय काय? शब्दांचे कीस काढणारे लोक तेव्हाही असं विचारून समोरच्याला गारद करत. ॲरिस्टॉटलचं उत्तर असं, की शिकणाऱ्यात त्या विद्येचा काही अंश आधीच आलेला असतो. आपण मराठीत हेच ‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ असं म्हणून सोडून देतो.

पण जरा थांबून पाहिलं तर या उत्तरात नवशिक्याला मोठा मान आहे. त्याचं वेडंवाकडं वाजवणं ही खऱ्या वाजवण्याची नक्कल नव्हे, आणि त्याची पूर्वतयारीही नव्हे. ते वाजवणंच आहे, अंशानं. माझा भुणभुणणारा एफ कॉर्ड आणि चार्ली ख्रिश्चनची एकल धून एकाच रस्त्यावर आहेत. मधलं अंतर कितीही भयंकर असलं तरी रस्ता एक आहे.

*

आता आईचा प्रश्न. ऐकतं कोण?

आपल्याकडे एकट्यानं वाजवण्याला एक सोन्यासारखा शब्द आहे, रियाज. मूळ अरबी, फारसी-उर्दूमार्गे आपल्याकडे आला. उर्दूत गणिताला रियाझी म्हणतात, तेही त्याच मुळातलं. दार लावून, तासन्‌तास, कुणी ऐकत नसताना करायची गोष्ट. पण रियाजाला पुढे कुठेतरी मैफलीची आशा असते. माझ्यापुढे मैफल नाही. मग हा रियाज तरी कसा?

अॅलसडेअर मॅकइन्टायर या तत्त्वज्ञानं १९८१च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या पुस्तकात एक उदाहरण दिलं आहे. सात वर्षांचं एक हुशार मूल आहे. त्याला बुद्धिबळ शिकायची इच्छा नाही, पण गोळ्या-चॉकलेटं हवी आहेत. तुम्ही त्याला सांगता, आठवड्यातून एकदा माझ्याशी खेळलास तर इतके पैसे गोळ्यांना, जिंकलास तर आणखी तितकेच. मूल खेळायला लागतं. जोवर ते गोळ्यांसाठी खेळतंय, तोवर संधी मिळाली तर फसवायला त्याच्याकडे उत्तम कारण आहे. पण आशा अशी, की एक दिवस त्याला बुद्धिबळात असं काही सापडेल जे बुद्धिबळाबाहेर मिळतच नाही. त्या दिवसापासून फसवून जिंकलं तर नुकसान त्याचंच. मॅकइन्टायर पहिल्या प्रकारच्या फळाला बाहेरचं म्हणतो, दुसऱ्याला आतलं.

आमची पिढी गोळ्यांवर वाढली आहे, हे बोलायला काही हरकत नसावी. बारावीचे मार्क, कॅम्पस प्लेसमेंट, वार्षिक अप्रेझलमधला पाचपैकी आकडा, पोस्टवरचे लाइक्स. या गोळ्या वाईट नाहीत. त्यांच्यावर माझं भाडं निघतं आणि घरी पैसे जातात. पण त्यांची सवय अशी लागते, की गोळी नसलेली गोष्ट करताना हात शिवशिवतात. गिटार घेतल्यावर चौथ्या दिवशी मैत्रीण म्हणाली, “रील टाक की.” रीलसाठी वाजवायला यावंच लागतं असं नाही. मागे मूळ गाणं लावायचं, बोटं साधारण तिथे तिथे हलवायची, प्रकाश चांगला हवा. बाहेरच्या फळासाठी हे पुरेसं आहे आणि म्हणून तर्कशुद्धही आहे.

हेडफोनमध्ये असं काही करून उपयोग नाही. फसवायला समोर कुणी नाही. इथे मी वेग खोटा वाढवला तर त्याचं गिऱ्हाईक मीच. आईच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर हे आहे. ऐकणारं कुणी नाही म्हणूनच इथे खरंखोटं लखलखीत दिसतं. मेट्रोनोमला माझं पद, पगार आणि गुण यांतलं काहीच माहीत नाही.

दुसरं उत्तर आईच्याच घरातलं आहे. तिची आई पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणायची. त्या ओव्यांना श्रोता कोण होता? जातं, अंधार, फार तर समोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुढे महाराष्ट्रभरच्या बायकांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून आज त्या आपल्याला माहीत तरी आहेत. त्या रचणाऱ्या बहुतेकींनी स्वतःला कलावंत म्हटलं नसेल आणि कुणी टाळ्या वाजवाव्यात अशी वाटही पाहिली नसेल. आजीला दळायचं होतं, मला दळायचं नाही. तिचं गाणं कष्टांतून आलं, माझं सवडीतून. ही तुलना फार ताणू नये. पण श्रोत्याशिवाय संगीताला अर्थ नाही असं जे आपण गृहीत धरतो, ते तिच्या जात्यापुढे टिकत नाही. संगीत म्हणजे सादरीकरण हा अर्थ अलीकडचा आणि अरुंद आहे.

*

मित्राचा प्रश्न जास्त अवघड आहे. तूच कशाला? भारी लोकांचं ऐक की.

गंमत म्हणजे हा प्रश्नही ॲरिस्टॉटलपर्यंत मागे जातो. ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात मुलांच्या संगीतशिक्षणाची चर्चा आहे. तिथे तो ही शंका स्वतःच काढतो. स्वतः शिकायची गरज काय? स्पार्टाचे लोक वाद्य शिकत नाहीत, तरी चांगलं-वाईट संगीत आपल्याला बरोबर ओळखता येतं असा त्यांचा दावा आहे. आणि देवांकडे पाहा. कवींच्या वर्णनांत झ्यूस स्वतः गात नाही, वाद्यही वाजवत नाही. उलट जे वाजवतात त्यांना आपण हलके समजतो. सभ्य माणूस वाजवेल तर दारूच्या नशेत किंवा थट्टेत.

ॲरिस्टॉटल अखेर मधला मार्ग काढतो. लहानपणी स्वतः वाजवायला शिकावं, कारण ज्यानं कधी वाजवलंच नाही त्याला वाजवण्याची पारख करणं फार कठीण. पण स्पर्धांत उतरण्याइतकं शिकू नये, आणि मोठेपणी सोडून द्यावं. या हिशोबानं ज्या वयात सोडायचं त्या वयात मी सुरू केलं आहे.

वाचता वाचता मला वाटलं, आपले देव बघा किती वेगळे. कृष्णाच्या हातात बासरी, सरस्वतीच्या हातात वीणा, शंकराच्या हातात डमरू. आपल्याकडे वाजवणं हलकं कसं असेल? पण मग आमचं गाव आठवलं, सोलापूर जिल्ह्यातलं. तिथे हलगी वाजवणारे मातंग समाजातले. वरातीत सगळ्यात पुढे आणि पंगतीत सगळ्यात शेवटी. त्यांच्या हलगीवर सगळा गाव नाचला, पण हलगी हातात घ्यायला गावानं आपली पोरं पाठवली नाहीत. देवाच्या हातातलं वाद्य पूजेला आणि माणसाच्या हातातलं उंबऱ्याबाहेर. ग्रीकांनी निदान आपल्या झ्यूसलाही वाजवू दिलं नाही. आपण देवांना वाजवू दिलं आणि माणसांच्या बाबतीत झ्यूसच राहिलो.

म्हणजे “तूच कशाला, ऐक की” हा प्रश्न दिसतो तितका निरागस नाही. त्यात जगाची एक जुनी वाटणी दडलेली आहे. काही जणांनी करायचं, काही जणांनी भोगायचं, आणि मान भोगणाऱ्याला. माझ्या मित्राच्या मनात यातलं काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण वाटणी मनात असावी लागत नाही. ती सवयीत असली तरी पुरते.

आणि आता तर झ्यूस व्हायला राजवाडाही लागत नाही. फोनवर दोन ओळी लिहा, ‘पावसाळी संध्याकाळ, उदास इलेक्ट्रिक गिटार’, आणि थोड्याच वेळात गाणं तयार. कुणाची बोटं दुखली नाहीत, कुणाला पंगतीत शेवटी बसवलं नाही. कुणी म्हणेल, बरं झालं, जुना अन्याय मिटला. मला तसं वाटत नाही. नोकर गेला, पण मालकाची खुर्ची तशीच आहे, आणि आता त्या खुर्चीत आपण सगळेच बसलो आहोत. आज्ञा करायची, ऐकायचं, नाही आवडलं तर पुन्हा आज्ञा करायची.

इथे हा प्रश्न माझ्या पोटापाण्याशी येऊन भिडतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चार-पाच वर्षांपूर्वी मी दिवसभर कोड लिहायचे. आता बराचसा कोड मशीन लिहितं, मी वाचते आणि बरोबर आहे का ते ठरवते. शेकडो ओळी समोर येतात. नीटनेटक्या, टिपणांसकट, आत्मविश्वासानं भरलेल्या. त्यांतली कुठली ओळ भुणभुणते आहे, हे मला कळतं ते कशाच्या जोरावर? आधीची वर्षं मी स्वतः रखडत, अडत, रात्री एकेक ओळ तपासत कोड लिहिला, त्याच्या जोरावर. यंदा कामाला लागलेली मुलं माझ्याहून हुशार आहेत. पण त्यांना पहिल्या दिवसापासून परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं गेलंय. त्यांच्या हाताला घट्टे पडायला वेळच दिलेला नाही. ज्यानं कधी वाजवलं नाही त्याला पारख कशी येणार, हा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संगीतशिक्षणाचा मुद्दा आमच्या टीमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये जसाच्या तसा बसतो. तिथे मी तो मांडला. उत्तर आलं, मुदत शुक्रवारची आहे.

*

वाजवल्यानं पारख येते म्हणजे काय, ते मात्र मला गिटारनंच दाखवलं.

सव्वा वर्षात माझे हात जेवढे सुधारले त्याच्या कितीतरी पट कान सुधारले. पूर्वी मी गाणं ऐकायचे तेव्हा गिटार म्हणजे एक रंग होता, मागे कुठेतरी. आता मला माणूस ऐकू येतो. तार वर खेचताना सूर नेमका कुठे पोचला, दोन सुरांमध्ये बाकीच्या तारा किती स्वच्छ गप्प ठेवल्या आहेत, पट्टीवरून सरकणाऱ्या बोटांचा बारीक करकर आवाज. ‘दम मारो दम’च्या सुरुवातीची गिटार कुणाच्या कानात बसलेली नाही? १९७१पासून ती वाजते आहे. ती वाजवली भूपिंदर सिंग यांनी, तेच पुढे गझला गाणारे. मला हे आत्ता आत्ता कळलं, कारण आत्ता कुठे ‘हे कोणी वाजवलं असेल?’ असं विचारावंसं वाटू लागलं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत कितीतरी वादक होते, त्यांत गोव्याचे पुष्कळ. पडद्यावर संगीतकाराचं नाव यायचं, गायकांची यायची, या हातांची क्वचितच. आपण कोट्यवधी लोकांनी त्यांना ऐकलं आणि कोण म्हणून विचारलं नाही. झ्यूसला विचारावं लागत नाही.

मला वाटतं, वाईट वाजवण्याचं नैतिक मोल इथे आहे. जे आपल्याला अजिबात येत नाही त्याचं आपण कौतुक करू शकतो, पण ते कौतुक आतषबाजीसारखं असतं, वा वा म्हणून विसरण्याचं. जे आपल्याला थोडंसं, वेडंवाकडं येतं, त्याबद्दल आदर वाटतो. कारण त्याची किंमत आपण आपल्या बोटांनी, किरकोळ हप्त्यांत का होईना, भरलेली असते. स्वयंपाक करणारा माणूस खानावळीतल्या मावशींशी वेगळं बोलतो. एकदा शेतात उन्हात खुरपलं की भाजीवालीशी घासाघीस करताना जीभ जरा अडखळते.

*

यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप माझ्या हातातल्या गिटारमध्येच आहे. तिचा आकार १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकॅस्टरची नक्कल आहे. ती बनवणारा लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, आणि तो शेवटपर्यंत शिकलाही नाही. जगातल्या दोन-तीन सर्वांत महत्त्वाच्या इलेक्ट्रिक गिटारी न वाजवणाऱ्या माणसानं घडवल्या, तर ‘वाजवल्याशिवाय पारख नाही’ याचं काय उरतं?

बरंच कमी उरतं, हे मान्य करायला हवं. पण फेंडर झ्यूसही नव्हता. तो कच्चे नमुने घेऊन आसपासच्या वादकांकडे जायचा, त्यांना वाजवायला द्यायचा, काय टोचतं ते विचारायचा, परत येऊन बदलायचा. त्याचे घट्टे वेगळ्या जागी होते. म्हणून माझं म्हणणं मी थोडं मागे घेते. प्रत्येकानं वाजवलंच पाहिजे असं नाही. पण करणाऱ्याच्या हाताजवळ जायचा काहीतरी रस्ता प्रत्येकाकडे हवा. माझ्याकडे सोल्डरिंगचं कसब नाही, वादक मित्र नाहीत. माझा रस्ता सहा तारांचा.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा. साडेबारा हजारांची गिटार, साडेतीन हजारांचा हेडफोन ॲम्प, रोजचा पाऊण तास. हा सगळा सुखवस्तू लोकांचा चोचला नाही का? दोन नोकऱ्या करणाऱ्याला, लहान मुलं असणाऱ्या बाईला हा पाऊण तास कोण देणार? खरं आहे. ही सवड मला मिळालेली आहे, मी कमावलेली नाही. पण यावरून सवड वाईट ठरत नाही, तिची वाटणी वाईट ठरते. ज्यांना ती नाही त्यांना ती मिळावी यासाठी भांडायचं, की आपलीही मोबाईलवर बोट सरकवत घालवून समता साधायची? पाऊण तास माझ्या फोनमध्ये रोज कुठेतरी जातच होता. तेव्हा त्याला चोचला कुणी म्हणालं नाही.

एक गैरसमज मात्र टाळायला हवा. “चांगलं नाही वाजलं तरी चालतं, आनंद महत्त्वाचा,” असं प्रेमळ लोक सांगतात. तसं नाही चालत. एफ कॉर्डमधली मुकी तार मला रोज खुपते आणि ती खुपायलाच हवी. फळाची आशा धरू नये हे आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेलं असतं, पण त्याचा अर्थ सूर लागो न लागो असा कुणी घेत असेल तर तो आळस आहे. टाळ्यांची आशा सोडता येते. सहाव्या तारेची आशा सोडली तर वाजवणंच उरत नाही. वाईट वाजवण्याला मोल आहे ते त्यात चांगलं वाजवण्याची धडपड असते म्हणून.

तेव्हा “ऐकतं कोण?” याचं उत्तर, आई, मी ऐकते, आणि पूर्वीपेक्षा चांगलं ऐकते. “तूच कशाला?” याचं उत्तर, मित्रा, सगळं तयार मिळण्याच्या या दिवसांत दिवसातला पाऊण तास तरी मला खुर्चीतून उठून खाली, करणाऱ्यांच्या बाजूला बसायचं आहे. तिथे गर्दी आहे, बोटं दुखतात, आणि माझी जागा अगदी शेवटची आहे. सध्या मेट्रोनोम ७० वर आहे.